जिप्सी उंच करताना

ताडोबाच्या सफारीत दिसणाऱ्या मारुती जिप्सीला पुढेमागे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि अखंड ॲक्सल असतात. खडकाळ वाटेसाठी अनेक जण उंच पाटे बसवतात आणि तिथेच थांबतात. पण गाडी उचलली, की स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा ड्रॅग लिंक जास्त तिरपा होतो. मग खड्ड्यात पाटा दबला, की स्टिअरिंग न फिरवताही चाक वळतं. शिवाय कॅस्टर कोन, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी झाला, तर वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ येत नाही. वेगात हे जिवावर बेतू शकतं! म्हणून लिंकचा तिरपेपणा काढा, पाटा आणि ॲक्सलमध्ये पाचर लावून कॅस्टर जुळवा, शॉकॲब्झॉर्बर आणि ब्रेकचे होज पुरेसे लांब घ्या. आणि कामाला हात घालण्याआधी आरटीओत नियम विचारून घ्या.