मोटारीच्या इंजिनातील चोरटी हवा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी मी मोटारीच्या इंजिनावर बोलणार, याचे काहींना नवल वाटेल. पण आपल्यापैकी कितीतरी जणी आता पैठणहून संभाजीनगरापर्यंतचे सुमारे ५० किलोमीटर स्वतः गाडी हाकीत जातात. तेव्हा हा विषय परका नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमची पेट्रोलची गाडी उभ्या जागी धापा टाकू लागली. इंजिनाचा आवाज आपोआप चढे, उतरे, मध्येच बंद पडे. एका मिस्त्रीने इंजिन खोलण्याचा मोठा खर्च सांगितला. शेवटी निघाली काय, तर बोटभर चिरलेली रबरी नळी!

कुकरची रिंग सैल झाली की वाफ कडेने बाहेर निसटते, हे आपण जाणतोच. इंजिनात उलटे घडते. तेथे आत ओढ असते, म्हणून बाहेरची हवा फटीतून आत शिरते. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. चोरवाटेने जास्त हवा आली की हा मेळ बिघडतो. आजच्या गाड्यांत मग इंजिनाचा दिवाही लागतो.

फट शोधायची कशी? इंजिन चालू ठेवून बारीक शीळ ऐकू येते का पाहावे. संशयाच्या जोडावर साध्या पाण्याचा हलका फवारा मारावा. विजेच्या तारांवर मात्र नको. आवाज बदलला, तर फट तेथेच. पेट्रोल किंवा तसले पेट घेणारे द्रव मुळीच फवारू नयेत. आणि बायांनो, वाकण्यापूर्वी पदर, ओढणी, वेणी घट्ट आवरा. पंखा आणि पट्टा कुणाची गय करीत नाहीत.

ढिली पट्टी आवळावी. चिरलेली नळी बदलावी. चिकटपट्टी फक्त घर गाठण्यापुरती. गॅस्केट गेले असेल तर काम जाणकाराकडेच द्यावे.

सर्वांत महत्त्वाचे शेवटी सांगते. पुष्कळ गाड्यांत ब्रेकला जोर देणारी नळी याच ओढीवर चालते. ती गळली की पेडल दगडासारखे कडक होते. त्याची परीक्षा सोपी आहे: इंजिन बंद असता पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. न गेले तर गाडी रस्त्यावर काढू नये.

नाथषष्ठीला आपले रस्ते दिंड्यांनी भरून जातात. पुढे वारकरी चालत असताना ब्रेक न लागणे म्हणजे काय, हे मी सांगायला नको. ही परीक्षा प्रत्येकीने घरी जाऊन आजच करावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.