खो पुढच्याच मुलीला द्यायचा असतो

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. सातवी पास झालो आणि गिरणीच्या रिंग खात्यात लागलो. धागा तुटला की सांधायचा, एवढेच माझे शिक्षण. बाकी जे काही चार शब्द वाचले ते याच विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांतून वाचले. कमिटीने मला "शिष्यवृत्ती आणि आपल्या मुली" असा विषय दिला. मी त्यात एक शब्द वाढवून घेतला आहे, तो म्हणजे "मैदान". शिष्यवृत्ती, आपल्या मुली आणि मैदान. हा शब्द का वाढवला ते सांगताना मला माझीच एक चूक तुमच्यासमोर कबूल करावी लागणार आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचे बोलायचा मला अधिकार नाही.

२००९ साली माझी थोरली आठवीत होती. खो-खो खेळायची. पायात वारं होतं म्हणा ना! शाळेच्या संघातून तिची विभागाच्या संघासाठी निवड झाली. सामने बाहेरगावी होते. बूट पाहिजेत, गाडीभाडे पाहिजे, चार दिवसांचा वरखर्च पाहिजे. त्या महिन्यात मला गिरणीत पंधराच दिवस काम मिळाले होते. मी तिला सांगितले, "बाई, पैसे नाहीत." ती काही बोलली नाही.

पैसे नव्हते हे खरे आहे. पण बंधूंनो, ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे असे, की गल्लीतले दोघे-तिघे मला म्हणाले होते, "पोरगी मोठी झाली, अजून हाफ पँटवर पळती व्हय?" आणि ते माझ्या मनाला लागले होते. विहारात बसून स्त्री-पुरुष समतेवर बोलणारा मी, घरी जाऊन लेकीचा खेळ बंद केला. आणि त्याच दिवाळीत धाकट्या मुलाला साडेआठशे रुपयांची बॅट घेतली! तेव्हा पैसे कुठून आले? उसने आणले. मुलीसाठी उसने आणायचे माझ्या मनातच आले नाही.

आता ती जालन्याला दिलेली आहे. संसार चांगला चालला आहे. मागच्या वर्षी सहज बसलो होतो, तर हसत हसत म्हणाली, "अण्णा, ती बॅट केवढ्याची होती हो?" मला उत्तर देता आले नाही. ते उत्तर आज इथे देत आहे.

आता विषयाकडे वळतो. शिष्यवृत्ती म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायची गरज नाही. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी बाबासाहेबांना परदेशी शिक्षणासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. ती फुकट नव्हती. शिकून आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करीन, असा करार बाबासाहेबांनी लिहून दिला होता. १९१७ साली ते बडोद्याला हजरही झाले. पण त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. जातीमुळे अपमान झाला आणि ते मुंबईला परतले.

मग त्या शिष्यवृत्तीची परतफेड झाली की नाही? मी म्हणतो, झाली, आणि दहा वर्षांच्या नोकरीपेक्षा किती तरी मोठी झाली. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९५० साली आपल्या याच शहरात कॉलेज सुरू केले, तेच आपले मिलिंद. नागसेनवनात आपली किती लेकरे शिकली! बाबासाहेबांनी घेतलेले परत केले, पण मागे नाही, पुढे दिले. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण माझे सगळे बोलणे त्याच्यावर उभे आहे.

खो-खोमध्ये काय असते? पाठलाग करणारे आठ जण रांगेत बसलेले असतात आणि नववा पळत असतो. पळणारा बसलेल्याच्या पाठीमागून येतो, पाठीला हात लावतो आणि "खो" म्हणतो. बसलेला उठतो आणि पळू लागतो. खो देणारा मात्र लगेच त्याच्या जागी बसतो. ज्याने आपल्याला खो दिला त्याच्याकडे तोंड वळवून कोणी उभा राहत नाही, उपकाराचे दोन शब्द बोलत नाही. तसे केले तर डाव तिथेच बुडाला! आपण पळायचे आणि पुढच्याला उठवायचे. शिष्यवृत्तीचेही तसेच आहे. घेणाऱ्या मुलीवर ऋण असते, पण ते देणाऱ्याचे नसते, पुढच्या मुलीचे असते.

आपल्या मराठवाड्यातलेच उदाहरण बघा. धाराशिवची सारिका काळे. वयाच्या तेराव्या वर्षापासून खो-खो खेळते. आई शिवणकाम करायची, घरची परिस्थिती बिकट. जवळजवळ दहा वर्षे दिवसातून एकच वेळ जेवून काढली, हे तिने स्वतः सांगितलेले आहे. नीट खायला मिळायचे ते शिबिराला गेल्यावर. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत ती भारताची कर्णधार होती आणि आपण सुवर्णपदक जिंकले. पण त्याच वर्षी घरच्या अडचणींना कंटाळून तिने खेळ सोडायचे ठरवले होते. देशाची कर्णधार, आणि खेळ सोडायला निघालेली! तिचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली म्हणून ती परत मैदानावर आली. पुढे शासनाची क्रीडा अधिकारी झाली. २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा ती तुळजापूर तालुक्याचे काम बघत होती. म्हणजे जी मुलगी एका वेळच्या जेवणावर पळत होती, तीच तालुक्यातल्या मुला-मुलींच्या खेळाची व्यवस्था बघू लागली. यालाच मी खो देणे म्हणतो.

आणि २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवून तो जिंकला. कर्णधार होती प्रियंका इंगळे, तिचे मूळ घर आपल्या बीड जिल्ह्यातले. ज्या खेळाला आपण "पोरींचा गल्लीतला खेळ" म्हणत होतो, त्याने विश्वचषक आणला!

आता जरा दूरचे उदाहरण सांगतो. अमेरिकेत टेनेसी राज्यात क्लार्क्सव्हिल नावाचे गाव आहे. तिथल्या एका गरीब काळ्या कुटुंबातली विल्मा रुडॉल्फ, बावीस भावंडांत विसावी. लहानपणी पोलिओ झाला, पायाला लोखंडी पट्ट्या. आईने आणि भावंडांनी पाय चोळून चोळून तिला चालती केली. पुढे टेनेसी राज्य विद्यापीठात एड टेंपल नावाच्या प्रशिक्षकाने मुलींचा धावण्याचा संघ उभा केला होता, त्यात ती गेली. तिथल्या मुलींना काम करून शिकायची सोय होती. रोज दोन तास विद्यापीठात काम करायचे, त्यावर शिक्षण आणि सराव. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तिने तीन सुवर्णपदके जिंकली. गावाने मिरवणूक काढायचे ठरवले. त्या काळी तिथे काळे-गोरे वेगवेगळे बसत. विल्मा म्हणाली, असे वेगवेगळे बसणार असाल तर मी येणार नाही. शेवटी त्या गावात पहिल्यांदा काळे आणि गोरे एका कार्यक्रमात एकत्र आले. नंतर ती शिक्षिका झाली, तिने मुलींना धावायला शिकवले, आणि १९८१ साली गरीब खेळाडू मुलांसाठी संस्था काढली. पाणवठ्याचा इतिहास ज्यांच्या पाठीशी आहे, त्या आपल्या लोकांना त्या मिरवणुकीची किंमत वेगळी सांगायला नको.

आता कोणी म्हणेल, सरकारच्या योजना आहेत की! आहेत, आणि त्या घेतल्याच पाहिजेत. खेलो इंडियात निवड झालेल्या खेळाडूला महिना दहा हजार रुपये हातखर्चाला ठरलेले आहेत, प्रशिक्षणाचा खर्च वेगळा. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत. आपल्या शहरात विद्यापीठाच्या परिसरात क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे, गारखेड्याला विभागीय क्रीडा संकुल आहे. पण नीट बघा, हे सगळे कोणाला मिळते? जी निवडली गेली तिला, जिने पदक आणले तिला. पदकाच्या आधीची जी चार-पाच वर्षे आहेत, दहाव्या वर्षापासून चौदा-पंधराव्या वर्षापर्यंतची, त्यांचे काय? सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आपल्या मुलींना पाचवीपासून आहे. त्यात पाचवी ते सातवीला महिना साठ रुपये आणि आठवी ते दहावीला शंभर रुपये ठरले होते. मुलगी शाळेत टिकावी म्हणून ती आहे, बुटांसाठी नाही. आणि नेमक्या याच वयात मुलीचा खेळ सुटतो. बुटांवाचून सुटतो, रिक्षाभाड्यावाचून सुटतो, अंड्या-दुधावाचून सुटतो. आणि बापाच्या लाजेमुळे सुटतो, हे मी अनुभवाने सांगतो. माझी मुलगी नेमकी इथेच थांबली.

म्हणून आजच्या दिवशी माझी एक सूचना आहे. आपल्या विहाराने खेळाडू मुलींसाठी स्वतःची शिष्यवृत्ती सुरू करावी. साठ घरांनी महिना वीस-वीस रुपये काढले तर बाराशे रुपये होतात. दोन मुलींना सहाशे-सहाशे. त्यात बूट, भाडे, अंडी, शेंगदाणे-गूळ एवढे नक्की भागते. त्याचे नियम मला असे सुचतात.

पहिला : मुलगी दहा ते पंधरा वर्षांची असावी. खेळ आणि गरज बघून निवडावी, बापाचे वजन बघून नाही. कमिटीतल्या कोणाच्या घरातली मुलगी पहिली तीन वर्षे घेऊ नये.

दुसरा : पैसा महिला मंडळाच्या हातात राहील आणि दर पौर्णिमेला सर्वांसमोर हिशोब वाचला जाईल.

तिसरा : पदकाची अट नको. हरली म्हणून, पाय मुरगळला म्हणून शिष्यवृत्ती बंद होणार नाही. शाळा मात्र सुटता कामा नये.

चौथा : ती मुलगी आठवड्यातून दोन संध्याकाळी विहाराच्या पटांगणात लहान मुलींना शिकवील. तेवढा वेळ पोरांनी क्रिकेट बाजूला घ्यावे. विहाराची मागची खोली आणि संडास मुलींसाठी उघडा राहील आणि किल्ली मंडळाच्या ताईंकडे असेल.

चौथ्या नियमाबद्दल जरा स्पष्ट बोलतो. परतफेड म्हणजे वेठबिगार नव्हे. वेठ काय असते हे आपल्या आज्या-पणज्यांनी भोगले आहे. शिष्यवृत्ती घेतली म्हणून त्या मुलीने विहार झाडायचा, पाहुण्यांना चहा द्यायचा, देणगीदारांच्या पाया पडायचे, असे काही चालणार नाही. देणाऱ्यांचे फोटो लावायचे नाहीत, सत्कार नाही. तिने फक्त दोन संध्याकाळी मैदानावर यायचे आणि दुसऱ्या एखाद्या पोरीच्या पाठीला हात लावून म्हणायचे, "ऊठ, आता तू पळ." बस, एवढीच तिची परतफेड.

माझ्या खिशात साडेआठशे रुपये आहेत. बॅटची किंमत आहे ती. या निधीची पहिली पावती त्याची फाडा. पावतीवर माझे नाव नको, माझ्या थोरल्या लेकीचे लिहा. मी तिला फोन करून सांगितले आहे. ती एवढेच म्हणाली, "अण्णा, बूट आधी घ्या. बाकीचं नंतर."

तेव्हा बूट आधी घेऊ. पुढच्या पौर्णिमेपर्यंत दोन मुलींची नावे ठरवू. मी दिवसपाळीला असलो की पटांगण झाडायला येत जाईन. माझे काही चुकले असेल तर माफ करा.