गच्चीची किल्ली

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या सभासद मेळाव्यातील भाषण)



मला सोसायटीच्या जुन्या आठवणी सांगायला बोलावलं आहे. पाण्याची टाकी, लिफ्ट, कन्व्हेयन्स या सगळ्याबद्दल आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच आहे. मी एका किल्लीबद्दल बोलणार आहे. दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेणार नाही.

छत्तीस वर्षं मी बँकेत काढली. बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक कॅशिअरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघं हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. ही शिस्त अंगात इतकी मुरली होती, की २००१ साली मी सोसायटीचा सचिव झालो तेव्हा पहिलं काम काय केलं असेल, तर गच्चीला कुलूप लावलं. कठडा कमरेइतका, मुलं लहान, उगाच जोखीम नको. टाकीच्या कामासाठी एक किल्ली वॉचमनकडे, दुसरी माझ्याकडे.

ऑगस्ट २००३ मध्ये समितीकडे एक अर्ज आला. विषय : गच्चीची किल्ली मिळणेबाबत. "महोदय, २७ ऑगस्ट रोजी मंगळ पृथ्वीच्या फार जवळ येणार आहे. गेल्या सुमारे साठ हजार वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता. समितीने नेहमीप्रमाणे दोन महिने विचार केल्यास तो निघून जाईल. तरी त्वरित निर्णय व्हावा." खाली सही माझ्या धाकट्या मुलीची. वय वर्षं बारा. घरात तीनदा मागून मी नाही म्हटलं होतं, म्हणून बाईसाहेब रीतसर समितीकडे गेल्या!

समितीने ठराव केला. लहान मुलांबरोबर एक मोठं माणूस हवं, रात्री दहाला किल्ली परत, आणि रजिस्टरमध्ये नाव, वेळ व कारण लिहायचं. अर्जदार सचिवांची कन्या असल्यामुळे सचिवांनी मत दिलं नाही, अशी नोंद इतिवृत्तात आहे. माझ्याच अक्षरात आहे.

तुमच्यापैकी बरेच जण तिला 'दुर्बीणताई' म्हणायचे. स्मरणिकेसाठी जुने कागद शोधताना ते रजिस्टर पुन्हा हातात घेतलं. त्यातल्या काही नोंदी वाचतो.

८ जून २००४. कारण : शुक्र सूर्यावरून जाणार. त्या दिवशी मंगळवार, मी बँकेत होतो. साधी दुर्बीण स्टँडवर बसवून, तिचा एक डोळा झाकून, तिने सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडली होती. दुर्बिणीतून सूर्याकडे थेट बघायचं नाही, आंधळे व्हाल, असं ती प्रत्येकाला दटावत होती म्हणे. सूर्याच्या बिंबावर त्याच्या साधारण तिसाव्या हिश्शाएवढा काळा ठिपका. तो बघायला गच्चीपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत जिन्यात रांग लागली होती, हे मला संध्याकाळी घरी आल्यावर कळलं.

२६ जुलै २००५. कारण : पाऊस मोजणे. तो दिवस इथे कोण विसरेल? सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मी रात्रभर ऑफिसात अडकलेलो. इथे तळमजल्यावरची कुटुंबं सामानासकट वरच्या मजल्यांवर आली, कुणाच्या घरी कोण जेवलं याचा हिशेब राहिला नाही. तिची नोंद एवढीच आहे : "बाटली भरून वाहिली. मोजणी अपूर्ण. क्षमस्व."

६ जून २०१२. पुन्हा शुक्र. या वेळी मी निवृत्त होतो, पुठ्ठा धरायला मीच होतो. ढग होते, सूर्य मधूनमधूनच दिसला. नोंद अशी : "पुढचे शुक्राचे अधिक्रमण डिसेंबर २११७. तेव्हा आज गच्चीवर असलेल्यांपैकी कोणी नसेल, म्हणून सगळ्यांची बेल वाजवली."

मग तिचं क्षेत्र वाढलं. भूशास्त्र घेतलं, सह्याद्री पायाखाली घातला. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर तिला इंद्रवज्र दिसलं होतं. सूर्य पाठीशी, समोर दरीत धुकं, त्या धुक्यावर आपली सावली आणि तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य. "बाबा, एकदा तरी चला," म्हणायची. ते दिसतं पावसाळ्याच्या सुमारास. मी म्हणायचो, सप्टेंबरचं क्लोजिंग होऊ दे. निवृत्त झालो तर गुडघ्यांचं कारण सांगितलं. गेलो नाही.

ती परत येईपर्यंत मला झोप लागत नसे. कडा, दरी, निसरडी वाट, सगळं डोळ्यांपुढे यायचं. त्यातलं काही झालं नाही. २०१६ च्या जुलैत ताप आला, उतरेना. रक्ताचा कर्करोग निघाला. अकरा आठवडे. दिवाळीच्या आधी ती गेली. पंचवीस वर्षांची होती. अजूनही लोक हळूच विचारतात, ट्रेकमध्ये काही झालं होतं का? नाही हो. ज्या कठड्याला भिऊन मी कुलूप लावलं, त्या कठड्याने तिला कधी काही केलं नाही.

त्या दिवाळीत सोसायटीचा सामुदायिक फराळ झाला नाही. कुणी ठराव केला नव्हता. आम्ही दोघांनी तेव्हा कुणाचे आभार मानले नाहीत, ते आज मानतो.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. त्या हिवाळ्यात दोन मुलं किल्ली मागायला आली. मी त्यांना म्हटलं, "हरवली." ती हरवली नव्हती. माझ्या कपाटात, रजिस्टरच्या आत होती. तिच्या नोंदीखाली दुसरं कुणाचं नाव लिहिलं जावं, हे मला बघवलं नसतं. २०१८ मध्ये नव्या सचिवांना चार्ज दिला, त्या यादीत मी ती किल्ली लिहिली नाही. छत्तीस वर्षांच्या नोकरीत असं कधी केलं नव्हतं. नव्या समितीचं वॉचमनकडच्या किल्लीवर भागलं, आणि गच्ची टाकीच्या कामापुरतीच उरली.

गेल्या सप्टेंबरात, सात तारखेला खग्रास चंद्रग्रहण होतं. तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा मला जिन्यात भेटला. "आजोबा, गच्ची कधीच का उघडत नाही?" मी म्हटलं, किल्ली नाही. तो म्हणाला, "मग डुप्लिकेट करू या ना. मी अर्ज लिहू का?"

घरी येऊन मी हिला सांगितलं. ही म्हणाली, "नऊ वर्षं झाली. आता देऊन टाका." तिला सगळं ठाऊक होतं. कपाट तीच आवरते.

अध्यक्ष महाराज, ही ती किल्ली. हे रजिस्टर. सभासदांची नऊ वर्षं मी अडवून ठेवली, त्याबद्दल माफी मागतो. कठडा उंच करायचा असेल तर त्या खर्चात माझा वाटा धरा. गच्चीला तिचं नाव वगैरे देऊ नका, तिला ते आवडलं नसतं. फक्त मुलं किल्ली मागतील तेव्हा ती मिळावी.

शेवटची नोंद वाचतो आणि थांबतो. ९ मे २०१६. कारण : बुध सूर्यावरून जाणार. "ठिपका फारच बारीक. आपल्या दुर्बिणीत दिसला नाही. आपल्याकडून पुढचा योग १३ नोव्हेंबर २०३२. मोठी दुर्बीण आणणे."

बँकेच्या भाषेत ही एंट्री पेंडिंग आहे. तेव्हा मी एक्क्याऐंशी वर्षांचा असेन. असलो, तर पुठ्ठा धरायला येईन. दुर्बिणीसाठी मी आजच थोडी रक्कम खजिनदारांकडे दिली आहे. पावती घेतली आहे.

तिसऱ्या मजल्यावरचे साहेब, पुढची ओळ रिकामी आहे. पेन माझ्याकडे आहे. या.