पायी चालणाऱ्या बाईचा रस्ता

(पुण्यातील वस्तीपातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



हुंडा, मारहाण, पोटगी, रेशन यांवर आपण नेहमी बोलतो. चालण्यावर बोलत नाही. चालणं हा काय प्रश्न झाला, असं आपल्यालाच वाटतं. पण बाई लांबचं, जरा बऱ्या पगाराचं काम का सोडते, मुलीची शाळा मध्येच का सुटते, संध्याकाळच्या बैठकीला बायका का येत नाहीत, हे विचारत गेलं की उत्तरात रस्ता येतोच.

घरकाम करणाऱ्या बाईचा दिवस पाहा. मुलाला शाळेत सोडायचं, मग तीन सोसायट्यांतली तीन कामं, येताना रेशन, भाजी, सासूचं औषध. घरातून कामावर आणि कामावरून घरी, एवढी सरळ तिची वाट नसते. प्रत्येक तुकड्याला तिकीट काढणं परवडत नाही. नुसतं जाता-येता दहा-दहा रुपये धरले तरी २६ दिवसांचे ५२० रुपये होतात. म्हणून ती चालते. २०११ च्या जनगणनेतही कामाला पायी जाणाऱ्यांचं प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त दिसलं.

आणि ती चालते कुठून? फुटपाथवर स्कूटर लावलेल्या, मध्येच विजेची डीपी, पुढे खोदकाम. कडेवर मूल आणि हातात पिशवी घेऊन ती गाड्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषांनुसार फुटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. गुडघ्याएवढ्या उंच फुटपाथवर म्हातारी बाई कशी चढणार? २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने म्हटलं की विचार वाहनांचा नको, माणसांचा हवा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथचा हक्क घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात धरला. म्हणजे आपण मागतो आहोत ती मेहेरबानी नाही.

आता सायकल. पुणे हे एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. पण गरीब घरात एकच सायकल असली तर ती पुरुषाची. त्याने मोटारसायकल घेतली की ती मुलाकडे जाते. मुलगी वयात आली की ‘आता पुरे’ म्हणून तिची सायकल बंद होते. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबरच हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. लोकांनी टोमणे मारले, तरी पाणी आणायला, बाजाराला, वर्गाला त्या स्वतःच्या बळावर जाऊ लागल्या. बिहार सरकारने २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकली दिल्या, तेव्हा माध्यमिक शाळेतल्या मुलींची संख्या वाढली. सायकल मिळाली की कुणाच्या तरी सोबतीसाठी अडून राहावं लागत नाही, हा त्यातला खरा बदल.

अंधाराचाही प्रश्न आहे. दिवे नसले की घरचे म्हणतात, ‘उशिरा बाहेर कशाला?’ दिवा लावण्याचं काम पालिकेचं. ते झालं नाही तर बंधन मात्र बाईवर येतं. हा न्याय आपण मान्य करायचा का?

पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण आणि २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. कागद आहे, तो रस्त्यावर उतरवायला आपला रेटा हवा. आपापल्या वस्तीपासून शाळा, रेशन दुकान, बसथांबा आणि कामाची ठिकाणं यांची वाट बायकांनी मिळून चालून पाहावी. कुठे अडथळा, कुठे दिवा बंद, कुठे रस्ता ओलांडता येत नाही, हे लिहून काढावं. जिला लिहिता येत नाही तिने सांगावं, दुसरीने लिहावं. ती यादी घेऊन क्षेत्रीय कार्यालयात जायचं, अर्जावर पोच घ्यायची. अंदाजपत्रकासाठी नागरिकांनी कामं सुचवण्याची पद्धत पुण्यात २००६ मध्ये सुरू झाली. तिथेही आपले अर्ज पडले पाहिजेत.

उड्डाणपूल मागणारे पुष्कळ आहेत. अखंड फुटपाथ आणि चालू दिवा आपल्यालाच मागावा लागेल.