करबाकी असलेली जुनी मोटार : दायित्व कोणाचे?



कायद्याच्या ग्रंथाचे भाषांतर करणाऱ्याला खरी अडचण येते ती अवघड शब्दांची नव्हे, तर सोप्या शब्दांची. ‘मालक’ हा असा एक शब्द आहे. घराचा मालक, शेताचा मालक असे आपण म्हणतो तेव्हा अर्थाविषयी शंका राहत नाही. परंतु मोटारीच्या बाबतीत हा एकच शब्द तीन निरनिराळ्या माणसांना लागू पडू शकतो, आणि जुनी मोटार घेणाऱ्याची फसगत बहुधा येथेच होते. मोटार घेतली, पैसे मोजून दिले, आणि मागाहून कळले की तिच्यावरील कर भरलेलाच नाही. तर तो कोणी भरावयाचा? या प्रश्नाचा आज थोडा विचार करू.

ज्याला आपण बोलताना ‘रोड टॅक्स’ म्हणतो त्याचे कायद्यातील नाव मोटार वाहन कर असे आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत, राज्यसूचीच्या 57 व्या नोंदीनुसार तो बसविण्याचा अधिकार राज्यांचा आहे. याउलट मोटारीची नोंदणी, मालकीचे हस्तांतरण या बाबी 1988 च्या केंद्रीय मोटार वाहन अधिनियमात आल्या आहेत. नोंदणी एका कायद्याची, कर दुसऱ्या कायद्याचा, ही गोष्ट प्रथम मनाशी पक्की केली पाहिजे. शिवाय हा कर म्हणजे केवळ रस्त्यावर फिरण्याचे भाडे नव्हे. राज्यात वापरलेले किंवा ‘वापरासाठी ठेवलेले’ वाहन अशी करपात्रतेची भाषा असते. म्हणून ज्या वाहनावर मुदतीमुदतीने कर भरावयाचा असतो ते सहा महिने दारात उभे होते, असे मागाहून सांगून सहसा सुटका होत नाही. ते वापरात राहणार नाही हे आगाऊ लेखी कळवावे लागते.

आता मालकांकडे वळू. पहिला मालक 1930 च्या मालविक्री अधिनियमाचा. मोटार ही जंगम वस्तू आहे. उभयतांनी ठरविले त्याप्रमाणे किंमत दिली, ताबा घेतला, की तिची मालकी क्रेत्याकडे जाते. दुसरा मालक केंद्रीय अधिनियमाचा. तेथील व्याख्येनुसार ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले आहे तो मालक. भाडेखरेदी किंवा तारणकराराखालील वाहनापुरता मात्र ज्याच्याकडे ताबा आहे तो. मोटार एकापाठोपाठ एक अशा अनेकांना विकली गेली, पण नाव मात्र पहिल्याचेच राहिले, अशा एका अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली नुकसानभरपाईचे दायित्व त्या नोंदलेल्या मालकावरच ठेवले. ‘गाडी केव्हाच विकली’ हे त्याचे उत्तर उपयोगी पडले नाही. मराठीत आपण ‘गाडी नावावर झाली का?’ असे विचारतो. कायद्याचे मर्म या साध्या प्रश्नात जितके नेमके उतरले आहे तितके पुष्कळशा परिभाषिक शब्दांतही उतरलेले नाही, असे मला वाटते.

तिसरा मालक करकायद्याचा, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी आहे. मुंबईचा म्हणून 1958 साली झालेला व आज महाराष्ट्रात लागू असलेला मोटार वाहन कर अधिनियम घ्या, किंवा केरळचा 1976 चा अधिनियम घ्या. अशा कायद्यांत एक कलम असते. कर न भरताच कोणी वाहन दुसऱ्यास दिले, तर ज्याच्याकडे मालकी किंवा ताबा गेला तोही त्या कराचा देणेकरी होतो. येथील ‘ही’ या एका अक्षराकडे लक्ष द्यावे. जुना मालक सुटत नाही, आणि नवा मालक अडकतो. सरकारला दोघांपैकी कोणाकडेही जाता येते. आणि ज्याच्या दारात मोटार उभी आहे त्याच्याकडे ते आधी येते, हे सांगावयास नकोच. थकलेला कर जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येतो. कर ताब्याच्या मागे कसा जातो याचे आणखी एक उदाहरण आहे. कर्जाचे हप्ते थकल्यामुळे वित्तसंस्थेने वाहन ताब्यात घेतले, तर ताबा घेतल्यापासूनचा कर तिनेच भरला पाहिजे, असे उत्तर प्रदेशातील कायद्याच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली ठरविले. अशा संस्थांच्या लिलावात टेम्पो किंवा टॅक्सी घेणाऱ्यांनी हा निर्णय ध्यानात ठेवावा.

मग ‘आजपर्यंतचा सर्व कर विकणाऱ्याचा’ असे स्टँपपेपरवर लिहून घेतले तर? ते लिहून घ्यावेच. मात्र तो करार त्या दोघांमधील आहे, राज्यावर तो बंधनकारक नाही. त्याचा उपयोग पुढे होतो. दुसऱ्याने कायद्याने द्यावयाची रक्कम, जिच्या भरण्यात आपले हित गुंतलेले आहे अशी, आपण भरली तर ती त्याच्याकडून परत मागण्याचा हक्क 1872 च्या करार अधिनियमाचे 69 वे कलम देते. हक्क आहे खरा. पण विकणारा तोवर भेटला पाहिजे.

खासगी मोटारींचा कर बहुतेक राज्यांत प्रथम नोंदणीच्या वेळीच एकरकमी घेतला जातो. म्हणून दलाल निर्धास्तपणे सांगतात, ‘लाइफटाइम भरलेला आहे, काही बघू नका.’ ते खोटे बोलत नाहीत, अर्धेच बोलतात. तो कर भरलेला असतो त्या राज्यापुरता. दहा वर्षांहून जुन्या डिझेल मोटारींविषयी राष्ट्रीय हरित लवादाने 2015 साली आदेश दिल्यानंतर दिल्लीतील पुष्कळ मोटारी स्वस्तात परराज्यांत जाऊ लागल्या. अशी मोटार पुण्यात आणली की ती महाराष्ट्राच्या दृष्टीने करबाकी असलेलीच ठरते, मग दिल्लीची पावती कितीही खरी असो. वयोमानानुसार घट धरून येथील एकरकमी कर नव्याने भरावा लागतो. पंधरा वर्षे उलटली असतील तर पर्यावरण कर निराळा. स्वस्ताईचा हिशेब करताना ही रक्कम किमतीत मिळवलीच पाहिजे. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनास नवे नोंदणीचिन्ह घ्यावे, असे केंद्रीय अधिनियमाचे 47 वे कलम सांगते. त्यावरून बारा महिने कराची सवलत आहे असा समज पसरला आहे. ती मुदत नोंदणीची. कराची मुदत राज्याच्या कायद्यात पाहावी.

2021 साली सुरू झालेल्या ‘बीएच’ मालिकेच्या मोटारींचा प्रकार आणखी वेगळा. त्यांचा कर पहिली चौदा वर्षे दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांनी भरावयाचा असतो. पुसून चकचकीत केलेल्या अशा मोटारीची मुदत गेल्याच महिन्यात संपलेली असू शकते.

तेव्हा पैसे देण्यापूर्वी आर. सी. बुकाबरोबर कर कोणत्या तारखेपर्यंत भरला आहे हे ‘वाहन’ या सरकारी संकेतस्थळावर स्वतः पडताळावे, परिवहन कार्यालयात विचारावे. थकबाकी निघाल्यास ती विक्रेत्याकडून आपल्यादेखत भरून घ्यावी, किंवा किमतीतून वळती करून आपण भरावी. नमुना 29 व 30 वर सह्या झाल्यावर कागद कपाटात ठेवू नयेत. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत व घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतरण कळवावयाचे असते, आणि कर थकलेला असेल तर ते प्रकरण कार्यालयात तेथेच अडते. परराज्यातील मोटार असेल तर ना-हरकत प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. जुन्या राज्याकडून उरलेल्या कराचा परतावा मिळण्याची तरतूद असल्यास तो कोणी मागावयाचा व कोणी ठेवावयाचा, हेही विक्रीच्या कागदात त्याच वेळी लिहून घ्यावे.