शिखरावरची मोजदाद

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात किटाटिनी नावाची एक लांबच लांब डोंगररांग आहे. सह्याद्रीच्या मानाने ती ठेंगणीच. तिच्यावरील ‘हॉक माउंटन’चे, म्हणजे ससाण्यांच्या डोंगराचे, निरीक्षणस्थान अवघे दीड हजार फूट उंच. परंतु १ एप्रिलपासून मेच्या मध्यापर्यंत कोणी ना कोणी त्या खडकांवर दुर्बीण आणि वही घेऊन बसलेले असते. दक्षिणेत हिवाळा काढून उत्तरेकडील विणीच्या रानांत परतणारे ससाणे आणि गरुड मोजावयाचे, एवढेच त्यांचे काम.

हे काम दिसते तितके सोपे नाही. एप्रिलच्या उत्तरार्धात रुंद पंखांचा ससाणा मध्य व दक्षिण अमेरिकेतून परततो. एवढा दीर्घ प्रवास पंख मारीत करावयाचा तर त्याची शक्ती वाटेतच सरेल. म्हणून उन्हाने तापलेली हवा जेथे वर चढते तेथे तो शिरतो, पंख पसरून घिरट्या घेत उंच जातो आणि मग पुढच्या तशाच प्रवाहापर्यंत अलगद घसरत जातो. एका प्रवाहात वीस-पंचवीस पक्षी एकमेकांत मिसळून फिरत असता जो मोजू लागेल तो फसलाच म्हणून समजावे. जाणता निरीक्षक तेव्हा थांबतो; थव्याच्या माथ्यावरून पक्षी ओळीने बाहेर पडू लागले म्हणजे मग तो एकेक टिपून घेतो. निरभ्र निळे आकाश पाहुण्यांना आवडते. मोजणाऱ्याला मात्र ढग हवे असतात, कारण पांढऱ्या ढगावर काळा ठिपका चटकन दिसतो. वहीत तासागणिक पक्ष्यांची जात, संख्या, वारा, ढग यांची नोंद होते. ज्या तासात एकही पक्षी गेला नाही तेथे शून्य लिहावे लागते, आणि कंटाळवाणे असले तरी ते शून्य मोलाचे असते.

याच कड्यावर १९३४ पूर्वी माणसे बंदुका घेऊन येत. शरद ऋतूत दक्षिणेकडे निघालेले पक्षी वायव्येच्या वाऱ्यावर रांगेला चिकटून उडत आणि गोळीच्या टप्प्यात येत. ससाणा म्हणजे कोंबड्यांचा चोर, अशी समजूत. गॉसहॉक जातीचा पक्षी मारणाऱ्यास राज्य सरकारच १९२९ पासून पाच डॉलर बक्षीस देई. १९३२ साली रिचर्ड पो यांनी मारलेल्या पक्ष्यांच्या राशींची छायाचित्रे घेतली. १९३४ मध्ये न्यू यॉर्कच्या रोझाली एज यांनी सुमारे १,४०० एकर डोंगर भाडेपट्ट्याने घेतला आणि मॉरिस व अर्मा ब्राऊन या दांपत्याला राखणीस ठेविले. बंदूकवाल्यांना परत धाडावयास आलेल्या मॉरिस ब्राऊन यांनी त्याच शरदात मोजणी आरंभिली.

तिचा उपयोग काय, याचे उत्तर पुष्कळ वर्षांनी मिळाले. पांढऱ्या डोक्याचा गरुड हा अमेरिकेचा मानाचा पक्षी. त्याच्या पिलाचे डोके काही वर्षे काळपटच राहते, त्यामुळे लहान-मोठे दुरूनही ओळखता येतात. १९३५ ते १९३९ या काळात शिखरावरून दिसलेल्या गरुडांत कोवळे पक्षी शेकडा ४० होते. १९५५ ते १९५९ या काळात ते शेकडा २० वर आले, आणि १९५७ साली तर ३२ प्रौढांमागे एकच कोवळा दिसला. गरुड दीर्घायुषी, म्हणून आकाश रिकामे दिसत नव्हते. पण वंश पुढे चालत नव्हता. रेचल कार्सन यांनी १९६२ सालच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथात डीडीटीविरुद्ध जो पुरावा मांडला, त्यात हे आकडे आहेत. डीडीटीमुळे अंड्यांची कवचे पातळ होतात, हे पुढील संशोधनाने स्पष्ट झाले. १९७२ मध्ये अमेरिकेत त्याच्या वापरावर बंदी आली आणि २००७ साली हा गरुड संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर पडला. आपल्याकडे भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८० च्या दशकातील गिधाडांच्या नोंदी होत्या, म्हणूनच पुढच्या दशकातील त्यांचा ऱ्हास किती भयंकर होता हे सांगता आले.

हॉक माउंटनवर शरदात सरासरी सुमारे १८,००० शिकारी पक्षी मोजले जातात; वसंतात हजाराच्या आसपास. उरलेले सतरा हजार मेले, असा हिशेब कोणी मांडला तर तो साफ चुकेल. हिवाळ्यात पुष्कळ कोवळे पक्षी दगावतात हे खरे. पण वसंतात त्यांना डोंगराशी बांधून ठेवणारा तो वायव्येचा वाराही पूर्वीसारखा नसतो. ते विस्तीर्ण मुलखावर विखरून उत्तरेस सरकतात. कित्येक तर महासरोवरांच्या दक्षिण काठाने जातात, कारण थंड पाण्यावरून उष्ण हवा वर चढत नाही. म्हणून वसंताचा आकडा शरदाच्या आकड्याशी नव्हे, मागील वसंताच्या आकड्याशीच ताडून पाहावयाचा असतो. कोणता पक्षी यंदा लवकर आला, कोणता रेंगाळला, हेही त्यावरून उमगते.

१५ मे रोजी ही वही मिटते. शरदाची वही १५ ऑगस्टला उघडते.