चांदीच्या कारागिराचं घर

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



रौप्यमहोत्सव म्हणजे चांदीचा उत्सव. म्हणून आज चांदीकाम करणाऱ्या एका माणसाच्या घराविषयी चार शब्द बोलतो. जेवणाची वेळ जवळ आली आहे, तेव्हा लांबण लावत नाही.

मुलीकडे अमेरिकेत गेलो असताना आम्ही उभयतांनी बोस्टनच्या नॉर्थ स्क्वेअरमधलं पॉल रिव्हिअर यांचं लाकडी घर पाहिलं. रिव्हिअर व्यवसायाने चांदीचे कारागीर. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री इंग्रजी फौज निघाल्याची खबर द्यायला ते घोड्यावरून लेक्सिंग्टनला गेले आणि त्यांच्या देशाच्या इतिहासात अजरामर झाले. घर मात्र त्यांच्याही आधीचं, सुमारे १६८० सालचं. त्यांनी ते १७७० मध्ये घेतलं, १८०० मध्ये विकलं. दोन लग्नांची मिळून त्यांना १६ मुलं. सगळी एकाच वेळी घरात नव्हती म्हणा, तरी आपण टू बीएचकेवाल्यांनी जागेची तक्रार करू नये!

पुढे त्या घरात भाडेकरू आले, खाली दुकानं निघाली. गोळ्या-मिठाईचं दुकान, सिगारचा कारखाना, भाजी-फळांचा धंदा आणि चक्क एक बँकसुद्धा! उभी हयात बँकेत काढलेल्या मला याची भारी गंमत वाटली. अखेर घर पाडलं जाऊ नये म्हणून १९०२ मध्ये रिव्हिअर यांच्या पणतूने ते विकत घेतलं. पण पुढचं काम एकट्याचं नव्हतं. त्यासाठी पॉल रिव्हिअर मेमोरियल असोसिएशन ही संस्था उभी राहिली. घराची दुरुस्ती झाली आणि एप्रिल १९०८ मध्ये ते लोकांना पाहायला खुलं झालं. तीच संस्था आजही ते चालवते. १९७० मध्ये तिने शेजारचं जुनं विटांचं घरही घेतलं. २०१६ मध्ये मागच्या इमारतीत नवं केंद्र केलं आणि तिथल्या लिफ्टमुळे आता व्हीलचेअरवरच्या माणसालाही वरचा मजला पाहता येतो. आपल्या ज्येष्ठ मंडळींनी हे नोंदवून ठेवावं.

बँकवाल्याच्या नजरेने सांगतो, घर एकदाच विकत घ्यावं लागतं, छप्पर मात्र दर पावसाळ्यात बघावं लागतं. म्हणून सिंकिंग फंडाचा विषय निघाला की कृपया कपाळाला आठ्या घालू नका.

आणखी एक गोष्ट. दुरुस्तीच्या वेळी रस्त्याकडच्या बाजूचा नंतर वाढवलेला तिसरा मजला काढून टाकला आणि घराला पुन्हा मूळचं रूप दिलं. म्हणजे रिव्हिअर राहत होते तसं ते घर आज हुबेहूब दिसत नाही. चूक की बरोबर, हा वाद बाजूला ठेवू. काय काढलं याची नोंद राहिली, म्हणून आपल्याला हे कळतं तरी.

आपल्याकडे अशी काय नोंद आहे? पहिल्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त, मूळ नकाशे, पायाभरणीचे फोटो कोणाच्या तरी माळ्यावर पडून असतील. कन्व्हेयन्ससाठी खेटे घालणाऱ्या पहिल्या सभासदांपैकी काही जण आज आपल्यात नाहीत. उद्या रिडेव्हलपमेंट झालं तर भिंतीही राहणार नाहीत. आपलं घर म्युझियम होणार नाही, व्हायची गरजही नाही. पण ही इमारत कोणी, कशी उभी केली, हे नातवंडांना सांगता यायला हवं.

म्हणून एकच विनंती. ऑफिसात एक कपाट यासाठी राखून ठेवू या. दिवाळीची साफसफाई काढाल तेव्हा जुने कागद रद्दीत घालण्याआधी एकदा चाळा. फोटो सापडला तर मागे पेन्सिलीने नावं आणि साल लिहून आणून द्या. पोचपावती मी स्वतः देईन, ती सवय अजून सुटलेली नाही.